कोजागिरीला इंग्लिश गाणी, मराठी निवेदन, आणि गोष्टी खऱ्या हव्यात

बेसवाला_कोथरूड:

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये आणि वेळ कमी आहे, कोजागिरीला नऊ दिवस राहिलेत.

आमच्या सोसायटीत दरवर्षी गच्चीवर कार्यक्रम असतो. साचा ठरलेला, आधी भावगीतं, मग हिंदी, मग कोणाच्या तरी नातवाचा डान्स, मग दूध. यंदा आम्ही चौघांनी अर्धा तास मागून घेतलाय, कंट्री (म्हणजे अमेरिकेतली गावाकडच्या ढंगाची गाणी) आणि जुनं इंग्लिश पॉप. बेसवर मी, हिंजवडीतला एक मित्र साध्या गिटारवर, त्याची बायको गाते, आणि लीडला बी विंगमधले काका, जे सत्तरच्या दशकात कॅम्पात लग्नांना वाजवायचे आणि अजूनही त्यांच्यासारखा हात आमच्यात कोणाचा नाही. कमिटीनं हो म्हटलं पण अट घातली, प्रत्येक गाण्याआधी मराठीत निवेदन पाहिजे. चेअरमन बाईंचं म्हणणं असं की शब्द नाही कळले तरी चालतील पण गाणं कोणी का लिहिलं ते कळलं पाहिजे, नाहीतर लोक दूध कधी येतंय तेवढंच बघत बसतात. पटलं मला. पुण्यात निवेदनाशिवाय गाणं म्हणजे कढीपत्त्याशिवाय फोडणी.

तर निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. नेटवर बघितलं तर एकेका गाण्याच्या चार चार गोष्टी आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या वेगळ्याच. मी माझ्यापुरता नियम केलाय, ज्यानं गाणं लिहिलं त्यानं स्वतः सांगितलेली गोष्टच घ्यायची. 'कंट्री रोड्स'चं टेन्शन नाही, ते जॉन डेन्व्हरनं आपल्या गावाच्या आठवणीनं लिहिलं एवढं मला माहितीये. बाकी यादी अशी: जोलीन, क्रेझी, एव्हरी ब्रेथ यू टेक, समर ऑफ सिक्स्टी नाइन, वंडरफुल टुनाइट. यात काय घालू, काय काढू? गोष्टीला प्रत्येकी दीड-दोन मिनिटं, दहाला साउंड बंद म्हणजे बंद.

सिंहगडरोडकर:

ज्याचं टेन्शन नाही म्हणालात तिथेच घसरणार होतात की हो.

डेन्व्हर वेस्ट व्हर्जिनियाचा नाहीच मुळी. जन्म न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलचा, वडील हवाई दलात म्हणून सगळं लहानपण बदल्यांत गेलेलं, आणि आडनावसुद्धा डेन्व्हर नाही, खरं आडनाव ड्यूशेनडॉर्फ, ते पोस्टरवर कुठे मावणार म्हणून कोलोराडोतल्या शहराचं नाव घेतलं. आणि गाणं सुरू केलं बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीनं. दोघं टॅफीच्या नातेवाइकांच्या कसल्याशा गेट-टुगेदरला गाडीनं निघाले होते, रस्ता कुठला तर मेरीलँडमधला क्लॉपर रोड, तेव्हा तिथं सगळी झाडी आणि वळणं होती म्हणे, आणि तिथं बिलला ती ओळ सुचली. बिल स्वतः मॅसॅच्युसेट्सचा. आपल्याच राज्याचं नाव घालावं असंही त्याच्या मनात होतं, शेवटी वेस्ट व्हर्जिनिया जास्त गोड बसलं. आणि मजा अशी की वेस्ट व्हर्जिनियात तो तोवर कधी गेलाच नव्हता!! म्हणजे आपल्याकडं कोणी पौड रोडनं जाताना गाणं सुचून त्यात कोकण घालावं आणि कोकणातल्यांनी ते डोक्यावर घ्यावं, तसं.

पुढचा भाग निवेदनासाठी जास्त चांगला. या दोघांना गाणं द्यायचं होतं जॉनी कॅशला, तेव्हाचा मोठा कंट्री गायक. १९७० च्या डिसेंबरचे शेवटचे दिवस, वॉशिंग्टनच्या सेलर डोअर नावाच्या क्लबात डेन्व्हरचे कार्यक्रम चालू, हे दोघं त्याच्या आधी गायचे. कार्यक्रम संपवून डेन्व्हर यांच्या घरी यायला निघाला तर वाटेत गाडीला अपघात, अंगठा मोडला, आधी दवाखाना मग यांचं घर. तेवढ्या रात्री त्यांनी त्याला अर्धवट गाणं ऐकवलं, तो उडालाच, हे मला पाहिजे म्हणाला. पहाटेपर्यंत बसून तिघांनी पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री स्टेजवर म्हटलं, टाळ्या थांबेनात. १९७१ ला रेकॉर्ड आली, अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेली. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं ते आपल्या अधिकृत राज्यगीतांपैकी एक करून टाकलं.

भूगोलाच्या मास्तरांसाठी एक जोड, गाण्यात जो डोंगर आणि जी नदी येते, ब्लू रिज आणि शेनँडोआ, ते दोन्ही मुख्यतः शेजारच्या व्हर्जिनियात आहेत, वेस्ट व्हर्जिनियाच्या एका टोकाला जेमतेम शिवतात. पण हे कार्यक्रमात सांगू नका, उगाच कोणीतरी हात वर करेल.

बेसवाला_कोथरूड:

बाप रे. मी गेल्या वर्षी ऑफिसच्या सेंडऑफला 'गावाच्या ओढीनं लिहिलेलं' असं छातीठोक सांगून आलोय. आता ज्यांना सांगितलं ते सगळे दुसऱ्या कंपनीत गेले हे एक बरं आहे.

मीनल_वडगाव:

जोलीन ठेवाच. बायकांना आवडणार, लिहून देते.

गाणं लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या डॉली पार्टननं सांगितलेलं असं आहे. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले (लग्न १९६६ चं), नवऱ्याच्या, म्हणजे कार्ल डीनच्या, बँकेतल्या फेऱ्या जरा वाढल्या. काउंटरवर लाल केसांची उंच बाई होती आणि ती त्याच्याशी गोड गोड बोलायची. डॉली त्याला चिडवायची की आपल्याकडे एवढे पैसे नाहीत रे, रोज बँकेत काय जातोस. झालं, एवढंच, भांडण नाही नि रडारड नाही. आणि नाव मात्र त्या बाईचं नाहीच. नाव एका लहान मुलीचं, आठेक वर्षांची असेल, कार्यक्रमानंतर सही घ्यायला आली होती, लाल केस, हिरवे डोळे, गोरीपान, डॉलीनं नाव विचारलं तर म्हणाली जोलीन. हिला नाव इतकं आवडलं की विसरू नये म्हणून तोंडात घोळवत राहिली. म्हणजे रूप एकीकडून, नाव दुसरीकडून, आणि भीती स्वतःची. गाणं १९७३ चं.

मला यात काय आवडतं सांगू, आपल्याकडे 'दुसरी'वरची गाणी म्हणजे एक तर शिव्याशाप नाहीतर नशिबाला दोष. इथं बाई त्या दुसरीला सरळ विनवते, तुला कोणीही मिळेल गं, माझा एवढा सोड. अशी हार मानून उभी असलेली नायिका आणि चाल मात्र धावणारी.

आणि जागा असेल तर 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' पण घ्या, कारण त्याची गोष्ट लोकांना माहीत नसते. प्रेमगीत नाहीच ते, राजीनामा आहे! डॉली १९६७ पासून पोर्टर वॅगनर नावाच्या मोठ्या गायकाच्या टीव्ही शोमध्ये होती, नाव तिथंच झालं, पण सात वर्षं झाल्यावर तिला स्वतःचं करायचं होतं आणि तो सोडायला तयार नाही. बोलणी होईनात, नुसते वाद. शेवटी घरी जाऊन गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन म्हणून दाखवलं. तो रडला. म्हणाला हे तुझं सगळ्यात चांगलं गाणं आहे, जा तू, पण हे मी प्रोड्यूस करणार. पुढे एल्व्हिस प्रेस्लीला ते म्हणायचं होतं, डॉली हरखून गेलेली, आणि आदल्या दिवशी त्याच्या मॅनेजरनं, कर्नल पार्करनं, निरोप दिला की गाण्याचे अर्धे हक्क लिहून दे तरच. ही नाही म्हणाली. रात्रभर रडली पण नाही म्हणाली. १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टननं तेच म्हटलं, अमेरिकेत सलग १४ आठवडे पहिल्या नंबरवर. हक्क सगळे डॉलीकडे. आमच्या ऑफिसात ॲप्रेझलच्या काळात मी हीच गोष्ट सगळ्यांना सांगत असते.

नाइटशिफ्ट_हिंजवडी:

मीनलताई राजीनाम्याची आयडिया भारीये, एचआरला मेल न पाठवता गाणं पाठवायचं 😂

यादीत 'द गॅम्बलर' का नाही? आयटीवाल्यांचं गाणं आहे ते, सिरियसली. डॉन श्लिट्झ नावाचा पोरगा, वय २३, नॅशव्हिलला गीतकार व्हायला आलेला, आणि पोटापाण्याला काय करायचा तर व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत रात्रपाळीला कॉम्प्युटर ऑपरेटर. १९७६ साली. रात्रभर मशीनपाशी बसायचं, दिवसा गाण्यांच्या कंपन्यांचे उंबरे झिजवायचे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सिनियर गीतकाराला भेटून घरी चालत येताना डोक्यात बहुतेक सगळं गाणं तयार झालं, आगगाडीत भेटलेला म्हातारा जुगारी आणि त्यानं सांगितलेलं शहाणपण, पण शेवट काही सापडेना, तो म्हातारा पुढे काय करतो हेच कळेना. त्याला अजून सहा आठवडे लागले. मग दोन वर्षं गाणं हातात घेऊन फिरला. दुसऱ्यांनी आधी रेकॉर्ड केलं पण फार काही झालं नाही, १९७८ ला केनी रॉजर्सनं म्हटलं आणि विषय संपला. दोघांनाही ग्रॅमी.

मी स्वतः सहा वर्षं यूएस सपोर्टला रात्रपाळी केली, पहाटे साडेचारला कॅबमध्ये हे गाणं लागलं की चांदणी चौक येईपर्यंत वाटायचं आपणपण काहीतरी लिहू, मग घरी येऊन झोपायचो.

पेठेतला_खवट:

मूळ प्रश्नात 'काय काढू' असं विचारलंय, त्याकडे कोणी बघत नाहीये.

एक. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' काढा. मागच्या डिसेंबरात एका रिसेप्शनला गेलो होतो, नवरानवरी केक कापतायत आणि मागं हे गाणं चालू, मला घास गिळवेना. स्टिंगनं हे १९८२ मध्ये जमैकात लिहिलं, जेम्स बाँड लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगच्या घरात, त्याच्याच टेबलाशी बसून, आणि तेव्हा स्टिंगचं पहिलं लग्न मोडायला आलं होतं. गाण्यातला माणूस प्रेम करत नाहीये, पाळत ठेवतोय. तू कुठं जातेस, काय करतेस, मी बघतोय. स्टिंग स्वतः किती वेळा सांगून दमला की हे गोड नाही, पण १९८३ ला अमेरिकेत आठ आठवडे एक नंबर आणि तेव्हापासून जगभर लग्नात वाजतंय. तुम्हाला वाजवायचंच असेल तर आधी सोसायटीच्या सीसीटीव्हीवर दोन शब्द बोला, मग शोभेल.

दोन. 'समर ऑफ सिक्स्टी नाइन'. ब्रायन ॲडम्स नोव्हेंबर १९५९ चा. म्हणजे एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात वय वर्षं नऊ. नऊ वर्षांच्या पोराचा बँड, त्यातल्या एकानं सोडलं म्हणे आणि दुसऱ्यानं लग्न केलं. करा हिशेब. ॲडम्सला विचारलं की तो हसून सांगतो तो आकडा सालाचा नाहीच. मग कशाचा ते कोजागिरीला ज्येष्ठ नागरिकांसमोर सांगायची तुमची तयारी आहे का?

तीन. 'वंडरफुल टुनाइट' ठेवा. एकूण एक नवऱ्यांना पटणारी गोष्ट आहे. सप्टेंबर १९७६, पॉल मॅकार्टनीकडं पार्टी, गिटारवाला एरिक क्लॅप्टन तयार होऊन खाली बसलाय आणि त्याची मैत्रीण पॅटी बॉइड वरती एक ड्रेस घालतेय, काढतेय, दुसरा घालतेय. ह्यानं वेळ घालवायला गिटार घेतली. ती खाली येऊन विचारते कशी दिसतेय, तोवर गाणं झालेलं. आपण अशा वेळी दारात चपला घालून उभं राहून किल्ल्या वाजवतो, फरक एवढाच.

बेसवाला_कोथरूड:

हाहा, किल्ल्या वाजवणं निवेदनात घेतो, तुमची परवानगी गृहीत धरलीये.

पण एक शंका येतेय. हे सगळेच चालता चालता सुचलं, वीस मिनिटांत लिहिलं, रात्रीत झालं असंच का सांगतात? मी बेसच्या चार स्वरांची एक फ्रेज बसवायला दोन रविवार घेतो.

जुना_बाजार:

चांगला प्रश्न विचारलात, आणि ते तुमच्या नियमालाच जाऊन भिडतंय. लिहिणाऱ्यानं स्वतः सांगितलं म्हणजे खरं, हा नियम तितकासा पक्का नाही.

ॲडम्सचंच घ्या. ते गाणं एकट्याचं नाही, जिम व्हॅलन्सबरोबर लिहिलंय. ॲडम्स म्हणतो आकडा सालाचा नाही, व्हॅलन्सच्या मते ते सालच आहे, आणि तो असंही सांगतो की सुरुवातीला गाण्याचं नावच वेगळं होतं, आयुष्यातले सगळ्यात छान दिवस अशा अर्थाचं. दोघंही त्याच खोलीत होते. आता कोणाचं धरायचं? मला वाटतं कलाकाराला तीच गोष्ट शंभर मुलाखतींत सांगावी लागते, कीर्तनकाराचं आख्यान जसं दरवेळी जरा घोटीव होत जातं तसं होतं. हसू कुठे येतं ते त्यांना कळतं, मग तेवढं राहतं. वीस मिनिटं लक्षात राहतात, त्याआधीची वीस वर्षं कोणी सांगत नाही, आणि श्लिट्झचे सहा आठवडे वर आलेच आहेत, ते पण गाळून बरेच लोक फक्त 'चालता चालता' सांगतात.

तरी पटकन होणं हे खोटंच असतं असंही नाही. आपल्याच पुण्यातलं बघा, १९५५ साली आकाशवाणीवर गीतरामायण सुरू व्हायचं होतं, पहिल्या गाण्याचा माडगूळकरांनी दिलेला कागद ऐन वेळेला सापडेना, बाबूजी आणि गदिमांची जुंपली, आणि सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. पाऊण तासही लागला नाही. पण तो माणूस त्याआधी किती वर्षं रोज लिहीत होता.

आता तुमच्या यादीत नाही असं एक सुचवतो, आणि हे घेतलं नाहीत तर मी रुसेन. 'विचिटा लाइनमन'. माझ्याकडं याची कॅसेट आहे, जुन्या बाजारात एका रविवारी पाच रुपयांना घेतलेली, कव्हर नाही, आत फीत सैल झालेली, घरी येऊन पेन्सिलीनं गुंडाळत बसलो होतो. पहिल्यांदा लावली तेव्हा वाटलं फीत खराब आहे म्हणून मागं कसला तरी बारीक आवाज येतोय. नंतर कळलं तो मुद्दाम घातलेला आहे, तार गुणगुणते तो.

१९६८ सालचं. गायक ग्लेन कॅम्पबेलचं आधीचं एका गावाच्या नावाचं गाणं चाललं होतं म्हणून त्यानं गीतकार जिमी वेबला फोन केला, असंच अजून एक गावाचं दे. वेब जेमतेम विशीतला पोरगा. त्याला आठवलं, ओक्लाहोमाच्या ग्रामीण भागातून तो गाडीनं जात होता, सपाट माळ, रस्ता सरळ, खांबामागून खांब, आणि लांब एका खांबावर एक माणूस चढलेला, कानाला फोन लावून. गाडी जवळ आली, पुढं गेली, आरशात तो लहान लहान होत गेला. एवढंच बघितलेलं. वेबला वाटलं हा माणूस त्या फोनवर कोणाला काय सांगत असेल. जिल्ह्याचं नाव वॉशिटा होतं, गाण्यात विचिटा केलं, कानाला बरं लागतं म्हणून.

आणि खरी मजा इथं आहे, गाणं पुरं झालंच नव्हतं. स्टुडिओतून घाई चाललेली म्हणून त्यानं जेवढं होतं तेवढं पाठवलं, तिसरं कडवं नंतर देतो अशा हिशोबानं. पुढं काही दिवस कोणी काही बोललं नाही, त्याला वाटलं आवडलं नसणार. मग कॅम्पबेल भेटला तर म्हणतो, आम्ही रेकॉर्ड केलं पण! अरे ते अपुरं होतं. आता नाहीये, म्हणाला. तिसऱ्या कडव्याच्या जागी त्यानं खालच्या पट्टीतली गिटार वाजवली होती, खर्जातली, संथ. तुमच्या बी विंगच्या काकांना हे वाजवायला सांगा, ते एका मिनिटात ओळखतील.

मीनल_वडगाव:

जुना_बाजार, अंगावर काटा आला वाचून. खांबावरचा माणूस आरशात लहान होत जातो.

माझं एक राहिलं, आणि हे कार्यक्रमासाठी नाही, असंच. लोरेटा लिनचं 'कोल मायनर्स डॉटर', १९७०. केंटकीतलं बुचर हॉलर नावाचं डोंगरातलं गाव, बाप कोळशाच्या खाणीत, आठ भावंडं, आणि हिचं लग्न पंधराव्या वर्षी. गाण्यात ती फक्त घर सांगते, बापाचं रात्रभर खाणीत राबणं, आई कपडे घासता घासता बोटांतून रक्त यायचं, उन्हाळाभर अनवाणी आणि थंडीत पोस्टानं मागवलेले नवे बूट. गाणं मुळात कितीतरी लांब होतं, प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडलीनं कडवी काढायला लावली, एवढं मोठं रेडिओवर कोण वाजवणार. ती काढलेली कडवी पुढं हरवलीच, त्याची तिला नंतर फार हळहळ वाटायची.

हे वाचलं तेव्हा मला माझी मावळातली आजी आठवली. जात्यावर बसली की ती पण हेच गायची, बाप कसा, भाऊ कसा, सासरची वाट कशी, आणि तिला कोणी कडवी काढ म्हणून सांगणारं नव्हतं, दळण संपेपर्यंत ओवी चालायची. मी एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करायला गेले तर म्हणाली दळण नाही तर कसली ओवी, आणि गायलीच नाही. मिक्सर चालू करू का विचारलं तर रागावली.

नाइटशिफ्ट_हिंजवडी:

मिक्सर 😂😂 आजी राइट होती.

'क्रेझी'चं कोणीच सांगितलं नाही अजून, पटकन सांगून पळतो, लॉगिन आहे. गाणं विली नेल्सनचं, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, नॅशव्हिलच्या एका बारमध्ये गायिका पॅट्सी क्लाइनच्या नवऱ्याला ऐकवलं. पॅट्सीला आधी आवडलं नव्हतं. जून १९६१ मध्ये तिला मोठा अपघात झाला, गाडीच्या काचेतून बाहेर फेकली गेली, आणि त्यानंतर दोन महिन्यांत, बरगड्या दुखत असताना रेकॉर्डिंग. वरचे स्वर लागेनात, श्वासच पुरेना. वाद्यं रेकॉर्ड करून घेतली, तिला घरी पाठवलं, थोड्या दिवसांनी परत येऊन तिनं एका दमात म्हटलं. तुमच्या गायिकेला सांगा, ओळीच्या थोडं मागं राहून म्हणायचं, तिथंच सगळं आहे. बाय.

पेठेतला_खवट:

'एका दमात' हा शब्द बरगडीच्या गोष्टीत बरा वापरलात.

बेसवाला_कोथरूड:

मंडळी, झाला कार्यक्रम! वृत्तांत देतो, जरा लांबेल.

शेवटची यादी: कंट्री रोड्स, जोलीन, गॅम्बलर, वंडरफुल टुनाइट, विचिटा लाइनमन. 'एव्हरी ब्रेथ' काढलं, 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' पण काढलं, बी विंगचे काका त्यामुळे दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. 'क्रेझी' गायिकेनंच नको म्हटलं, मागं राहून म्हणायला गेली की ती इतकी मागं राहायची की आम्ही पुढच्या ओळीवर.

सुरुवातीलाच माइकनं घात केला. पौड रोड आणि कोकणवाला जोक मी सांगितला आणि नेमका तेवढाच भाग माइकमधून गेला नाही, लोकांना फक्त 'आणि त्यांनी ते डोक्यावर घेतलं' एवढं ऐकू आलं. जोलीनला मात्र मीनलताई म्हणाल्या तसंच झालं. 'रूप एकीकडून, नाव दुसरीकडून, भीती स्वतःची' हे वाक्य म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला म्हणाल्या, आमच्याकडे पतपेढी होती, आणि तिथून जो हशा उसळला तो काही थांबेना, गाणं सुरू करायला आम्हाला चांगला एक मिनिट थांबायला लागलं. किल्ल्यांवर पण टाळ्या, त्या मी खवट यांच्या नावे जमा करतो.

आता लाइनमन. काकांनी ती खर्जातली गिटार अशी वाजवली की मी बेस वाजवायचा थांबलो, खरं सांगतो, विसरलोच. गाणं संपलं, नेहमीसारख्या टाळ्या, आणि मागच्या खुर्चीवरून ए विंगचे एक आजोबा उठून पुढे आले. रिटायर होऊन वीसेक वर्षं झालीत, टेलिफोन खात्यात होते एवढंच आम्हाला माहीत. मला वाटलं आवाज कमी करा म्हणायला आले. म्हणाले, तो वायरमन नाही हो, तुम्ही निवेदनात वायरमन म्हणालात, वायरमन विजेचा, हा आमच्यातला, लाइनमन. आणि तार गुणगुणते ते खरं आहे. उघड्या तांब्याच्या तारा असायच्या तेव्हा, जुन्नरच्या बाजूला, खांबाला नुसता कान लावला तरी ऐकू यायचं, वारा असला की जास्त. आम्ही वर चढून टेस्टिंगचा फोन जोडायचो आणि एक्सचेंजमधल्या बाईंना हॅलो म्हणायचो. दिवसभरात तेवढाच एक आवाज माणसाचा. मग जरा थांबून म्हणाले, परत वाजवता का.

पावणेदहा झाले होते. गॅम्बलर अजून व्हायचं होतं. आम्ही गॅम्बलर सोडलं आणि लाइनमन परत वाजवलं, नाइटशिफ्ट, माफ कर.

नाइटशिफ्ट_हिंजवडी:

केलं माफ. पुढच्या वर्षी पहिलं गाणं गॅम्बलर, लिहून द्या.

जुना_बाजार:

आजोबांना विचारा त्या बाईंचं पुढं काय झालं, एक्सचेंजमधल्या.

बेसवाला_कोथरूड:

विचारलं. दूध घेऊन आजी शेजारीच उभ्या होत्या, त्याच म्हणाल्या, मी काय सांगणार, मी तर नारायणगावला शाळेत शिकवायचे.

मीनल_वडगाव:

😂 आणि दूध कसं होतं ते राहिलं की!

बेसवाला_कोथरूड:

करपलं. ढवळायला ठेवलेले दोघंही जोलीन ऐकायला कठड्यापाशी येऊन उभे होते. चेअरमन बाई म्हणाल्या पुढच्या वर्षी निवेदन नको.